चुकलेल्या उत्तरांचं मंडळ

लातूरला उतरलं की आधी होर्डिंग दिसतात. पांढरा ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली 720 पैकी मिळालेले गुण. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे आता बहुतेकांसाठी नीटचा पॅटर्न. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असतं. गणित नसतं. त्यामुळं ज्या शहराचं नाव अभ्यासासाठी राज्यभर घेतलं जातं, तिथं कितीतरी मुलं दहावीचा निकाल लागल्यावर पहिलं काम करतात ते गणित सोडायचं.

मी सोडलं नाही, कारण मला रक्त बघवत नाही. लातूरला अकरावी-बारावी, नांदेडला इंजिनिअरिंग, मग पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. सध्या कंपनीचं काम घरून चालतं, म्हणून पुन्हा नांदेडला आलोय. आठवडाभर लॅपटॉप आणि मीटिंगा. आणि महिन्यातला एक रविवार गणिताच्या शिक्षकांबरोबर. मी शिक्षक नाही, होणारही नाही. तरी त्यांच्या मंडळाचा माणूस कसा झालो आणि तिथं काय चालतं, ते सांगायचंय.

सुरुवात माझ्या मावसबहिणीमुळं झाली. ताई लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. एक दिवस तिचा फोन आला.

“काय करलालास?”

“काम चालूय ताई.”

“तुझं ते कॉम्प्युटर आमच्या कधी कामी येणार? आठशे पोरांचे पेपर पडलेत. निकाल लावायचाय.”

गणिताच्या शिक्षकांची संघटना असते, हे मला तेव्हा कळलं. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत गणित अध्यापक मंडळं आहेत आणि राज्य पातळीवर महामंडळ आहे. गणित संबोध, गणित प्रावीण्य अशा नावांच्या परीक्षा तुमच्यापैकी काहींनी पाचवीत-आठवीत दिल्या असतील. त्या अशा मंडळांतली माणसं घेतात. पेपर काढणं, केंद्रं ठरवणं, तपासणं, प्रमाणपत्रावर नावं लिहिणं, सगळं शाळा सांभाळून. पगारवाढ, बदल्या, पेन्शन यांसाठी शिक्षकांच्या वेगळ्या संघटना आहेत आणि त्यांचे मोर्चे आपण बघतो. विषयाची मंडळं कधी मोर्चा काढत नाहीत. म्हणून ती कुणाला दिसत नाहीत.

ताईच्या ओळखीतल्या काही शिक्षकांनी आपल्या तालुक्यापुरती एक छोटी चाचणी घेतली होती. सहावी-सातवीची मुलं, चार पर्यायांचे प्रश्न. मला फक्त गुणांची बेरीज करून यादी द्यायची होती. ते काम एका रात्रीचं होतं. पण आमच्या धंद्यात एरर लॉग फेकून देत नाहीत. प्रोग्राम कुठं पडला हे तो चाललाय यापेक्षा जास्त सांगतं. म्हणून मी दुसरा एक तक्ता काढला. कुठल्या प्रश्नाला कुठल्या चुकीच्या पर्यायावर किती खुणा, एवढाच.

त्यात एक प्रश्न होता. 0.4, 0.35, 0.275 आणि 0.09 यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच पर्याय निवडला होता, 0.275.

अंदाजानं ठोकलेली उत्तरं चारही पर्यायांत विखुरतात. इथं तसं नव्हतं. वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना न ओळखणारी मुलं एकाच जागी पोचली होती. म्हणजे त्यांच्याकडं एक नियम होता आणि तो ती नीट पाळत होती. दशांश चिन्हाच्या पुढचं वाचायचं: चार, पस्तीस, दोनशे पंचाहत्तर, नऊ. दोनशे पंचाहत्तर सगळ्यांत मोठे.

तो तक्ता घेऊन मी पहिल्यांदा बैठकीला गेलो. नांदेडहून लोहा, माळाकोळी करत एसटीनं अहमदपूर. नांदेड आणि लातूरच्या जवळजवळ मध्यावर आहे, म्हणून दोन्हीकडच्या लोकांना तेच सोयीचं. एका शाळेतला वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे कोंबून बसलेले पंधरा-सोळा शिक्षक. तिथं सगळे एकमेकांना सर नाहीतर मॅडम म्हणतात. मलाही सर म्हणायला लागले. घरी सांगितलं तर आई हसत सुटली.

तक्ता फिरला आणि बोलणं सुरू झालं. एक वयस्कर सर म्हणाले, आमच्या वेळी हे शिकवायला पैसे होते. चार रुपये पस्तीस पैसे म्हणजे 4.35, पोराला दुकानात कळायचं. आता पैसे कुठायत? खरंच आहे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. आज सहावीत बसलेलं पोर त्यानंतर जन्मलेलं आहे. आठ आणे कायद्यानं चालतात, पण दुकानदार घेत नाही. गणितात रुपये-पैशांची उदाहरणं राहिली आणि हातातले पैसे गेले.

मग आता पोरांच्या आयुष्यात दशांश कुठं भेटतो, याची यादी फळ्यावर सुरू झाली. मोबाइलचा दीड जीबी डेटा. डेअरीच्या पावतीवरचा फॅट, 3.5 की 3.9, कारण त्यावर दर ठरतो. पेट्रोल पंपावरचे लिटर. कुणीतरी क्रिकेट म्हणालं आणि मागून एक सर ओरडले, “क्रिकेट नका घेऊ! घोटाळा आहे तिथं.” बरोबर होतं त्यांचं. 19.3 षटकं म्हणजे एकोणीस षटकं आणि तीन चेंडू. चिन्ह तेच, पण तिथं सहा चेंडूंचं एक षटक होतं, दहाचं नाही. 19.3 म्हणजे खरं तर साडेएकोणीस षटकं. जे पोर रोज स्कोअर बघतं, त्याच्या डोक्यात हे टिंब दोन वेगळे आकडे वेगळे ठेवणारी खूण म्हणून बसतं. मग 0.35 मध्ये त्याला पस्तीस दिसले तर नवल काय?

एका तरुण सरांनी उपाय सांगितला: किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. तो नेहमी चिन्हापुढं तीन अंक दाखवतो. 0.400 आणि 0.350. पोर लगेच सांगतं, चारशे ग्रॅम जास्त. बहुतेकांना पटलं. मलाही वाटलं, प्रश्न मिटला.

मग एक मॅडम बोलल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस-बावीस वर्षं झालेल्या. “काट्यावर पोरगं चारशे आणि साडेतीनशेच बघणार ना? म्हणजे परत पूर्ण संख्याच. उत्तर बरोबर येईल, डोक्यातलं तसंच राहील.” आणि पुढं म्हणाल्या, “ज्यांनी 0.4 लिहिलंय त्यांना तरी कळलंय कशावरून? काही पोरांना वाटतं, जितके अंक जास्त तितकी संख्या बारीक. त्यांनी सगळ्यांत आखूड म्हणून 0.4 निवडलं असेल. त्यांना 0.4 आणि 0.45 द्या, तेव्हा कळेल.”

वर्ग गप्प झाला. माझ्या तक्त्यात 0.4 वाली सगळी मुलं ‘बरोबर’च्या रकान्यात होती आणि त्या रकान्यात वेगळं काही शोधायचं असतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. लांब संख्या मोठी मानणारी मुलं आणि आखूड संख्या मोठी मानणारी मुलं असे गट त्यांनी पाडले आणि कुठले प्रश्न विचारले की कोण कुठल्या गटातलं ते कळतं, हे दाखवलं. आमच्या मॅडमनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी वह्या तपासता तपासता ते शोधलं होतं. प्रश्न असा की, मॅडमना माहीत असलेली ही गोष्ट शेजारच्या गावातल्या सरांपर्यंत एवढ्या वर्षांत का पोचली नव्हती?

कारण शिक्षक वर्गात एकटा असतो. मी लिहिलेली कोडची एक ओळही दोघांनी वाचल्याशिवाय पुढं जात नाही. गणिताचा शिक्षक तीस वर्षं शिकवतो आणि त्याचा तास दुसऱ्या गणितवाल्यानं बघितलेला नसतो. छोट्या शाळेत तर गणिताचा माणूस एकच असतो. अडलं तर विचारायचं कुणाला?

अशी मंडळं जगात जिथं जिथं निघाली, तिथं हेच कारण दिसतं. इंग्लंडमध्ये 1871 साली शिक्षकांनी भूमितीचं अध्यापन सुधारण्यासाठी संघटना काढली, कारण शाळांत युक्लिड पाठ करून घेतला जात होता. तीच 1897 मध्ये ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन’ झाली. आपल्याकडं 1907 मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी ‘ॲनालिटिक क्लब’ सुरू केला, जो पुढं इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाला. अय्यर मद्रास प्रांतात डेप्युटी कलेक्टर होते. दिवसा महसूल बघायचे. क्लबचं ग्रंथालय मात्र पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. याच अय्यरांकडं रामानुजन नोकरी मागायला गेला होता आणि 1911 मध्ये त्याचा पहिला शोधनिबंध याच संस्थेच्या नियतकालिकात आला. शाळेतल्या शिक्षकांसाठी असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया 1965 मध्ये चेन्नईत निघाली. डेप्युटी कलेक्टरला चालत असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला चालायला हरकत नसावी, असं मी स्वतःला सांगतो.

आणि एकट्या राहिलेल्या शिक्षकाचं काय होतं, तेही महाराष्ट्रानं बघितलंय. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत होते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. 4321 वजा 1234 म्हणजे 3087. 8730 वजा 0378 म्हणजे 8352. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. पुढं कितीही करा, 6174च येतं. कुठूनही सुरुवात केली तरी सात पायऱ्यांच्या आत तिथंच पोचता. कापरेकरांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडलं. देशातल्या बऱ्याच गणितवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. जगाला ते कळलं 1975 मध्ये, मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते.

आमच्या बैठकीत नवे स्थिरांक निघत नाहीत. पण कुणाची तरी गोष्ट ऐकून घेतली जाते. देगलूरकडचे एक सर आहेत, त्यांनी संख्यावाचनाचा विषय काढला होता. आठवतंय का, जून 2019? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बाहत्तरला ‘सत्तर दोन’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर मीम्स फिरले. विधिमंडळातही गाजलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की लिहिताना आधी दोन, मग एक आणि बोलताना आधी एक, मग वीस, यात लहान मुलं गोंधळतात. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या ग्रुपवरही विनोद सुटले होते.

देगलूरचे सर म्हणाले, “आमच्याकडं कुणी हसलं नाही. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात.” तेलुगूत एकवीस म्हणजे ‘इरवै ओकटि’, वीस-एक. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, तेही वीस-एक. उदगीर, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यातलं पोर घरी एका क्रमानं मोजतं आणि शाळेत उलट्या क्रमानं. त्या सरांच्या वर्गात ‘सत्तर दोन’ आधीपासून चालायचं आणि तिथून ते बाहत्तरला न्यायचे. त्यांच्याकडं कित्येक वर्षांचा अनुभव होता. राज्यात वाद पेटला होता तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, आणि सांगायला त्यांच्याकडं जागाही नव्हती.

हे सगळं वाचून मंडळ म्हणजे फार भारी प्रकरण वाटत असेल तर थांबा. बैठकीला येणारे बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना एसटीचं भाडंही परवडत नाही. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यातून रविवार उरत नाही. बायकांसाठी तर रविवार म्हणजे घरातलं साठलेलं काम. ताई चारपैकी एका बैठकीला येते. आणि मंडळांबद्दल एक तक्रार आतूनच ऐकू येते, की आपण नुसत्या परीक्षा घेणारे झालोय. परीक्षेतून चार पैसे येतात, नाव होतं. चर्चेतून काहीच येत नाही.

काट्याची युक्ती सांगणारे ते तरुण सर आठवतात? ते या वर्षी लातूरच्या एका क्लासमध्ये गेले. शाळेत त्यांना वर्षानुवर्षं कायम केलं नव्हतं, घरी दोन लहान मुलं. कुणीही तेच केलं असतं. पण मग बैठकीत वाद झाला: क्लासवाल्याला मंडळात ठेवायचं का? एक बाजू म्हणाली, ते धंदेवाले, उद्या इथल्या परीक्षेचा उपयोग जाहिरातीला करतील. दुसरी म्हणाली, चांगल्या शिक्षकांना शाळा धरून ठेवू शकत नाहीत, त्याची शिक्षा त्यांना का? दोन बैठका यात गेल्या. शेवटी ते सर स्वतः येऊन बोलले. “क्लासमध्ये पोरगं चुकलं की उणे एक. का चुकलं ते बघायला वेळ नसतो, पुढचा प्रश्न घ्यायचा. ते बघायला मी इथं येतो. नको असेल तर सांगा.” ते अजून येतात. नियम काही बदलला नाही, फक्त कुणी पुन्हा विषय काढला नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बातम्यांत आली. दहावीला गणित किंवा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण असले तरी, गुणपत्रिकेवर शेरा घेऊन, पुढं जाता यावं. मात्र या विषयांवर आधारित शिक्षण घेता येणार नाही. बैठकीत बहुतेक चिडले. विषयाची किंमतच जाईल, पोरं प्रयत्न सोडतील. जिल्हा परिषदेच्या मॅडम ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “गणितात राहिलेल्या पोराला घरचे पुन्हा परीक्षेला बसवतात. पोरीला बसवत नाहीत. तिचं लग्न लावतात.” मग म्हणाल्या, “पण वीसवर सोडलं की आपणही तिला सोडून देऊ, याची भीती वाटते.” मला अजून सांगता येत नाही यात कुठल्या बाजूला उभं राहावं. सहावीत 0.275 ला खूण करणारी मुलगी दहावीत वीसवर अडकते तेव्हा मधल्या चार वर्षांत तिचं उत्तर कुणी वाचलं होतं का, एवढं मात्र विचारावंसं वाटतं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात एक प्रयोग केला. जपानमधले शिक्षक शंभरेक वर्षांपासून ‘जुग्यो केनक्यू’ करतात. सगळे मिळून एक तास आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे बसून मुलांकडं बघतात आणि नंतर बोलतात. मी त्याबद्दल सांगितल्यावर वयस्कर सर आपला तास द्यायला तयार झाले. सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांक. मॅडमची कल्पना अशी, की प्रत्येक मुलाला एक मीटर कागदाची पट्टी द्यायची. तिचे दहा भाग करायचे, मग पहिल्या भागाचे पुन्हा दहा.

आम्ही पाचजण मागं होतो. माझ्यासमोरच्या बाकावरची मुलगी खुणांवर आकडे लिहीत गेली. 0.1, 0.2 करत 0.9, आणि शेवटच्या खुणेवर 0.10. सर फळ्याकडं होते, त्यांना दिसलं नाही. मग तिनं पहिल्या भागाचे बारीक दहा भाग केले. 0.01, 0.02, ... 0.09, आणि दहाव्या बारीक खुणेवर पुन्हा 0.10. तिथं आधीच 0.1 लिहिलेलं होतं. ती थांबली. पट्टीच्या या टोकाकडं बघितलं, त्या टोकाकडं बघितलं आणि हात वर केला.

“सर, एकच संख्या दोन जागी कशी आली?”

सरांनी उत्तर दिलं नाही. वर्गालाच विचारलं. पुढची वीस मिनिटं मुलंच भांडली आणि त्यांनीच शेवटच्या खुणेवर 1 लिहिला.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आम्ही प्रत्येकानं काय बघितलं ते सांगितलं. सर वहीत लिहून घेत होते. निघताना म्हणाले, “तपासणीला आलेले सोडले तर एकतीस वर्षांत माझा तास आज पहिल्यांदा कुणी बघितला.” मे महिन्यात ते निवृत्त होतायत.

पुढची बैठक अहमदपूरलाच आहे. विषय ठरलाय: ऋण गुणिले ऋण धन का येतं, आणि मुलांना ते कसं पटवायचं. मॅडमनी प्रत्येकाला आपल्या वर्गातली पाच चुकलेली उत्तरं आणायला सांगितलीत. नुसती लाल फुली नको, मुलानं काय विचार केला असेल तेही लिहून आणायचं. माझ्याकडं वर्ग नाही, म्हणून शेजारच्या दोन मुलांच्या वह्या मागून आणल्यात. आतापर्यंत तीन सापडलीत.